दुसरी उडी

शिवणाच्या डब्यातला टेप काढून मी तो माझ्या उजव्या मांडीभोवती गुंडाळला, तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. टेप जुना आहे. त्याच्या टोकाची पितळी पट्टी कधीच निघून गेली आहे आणि पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या रेघा वापरून वापरून पुसट झाल्या आहेत. सरळ उभी राहून मोजले तेव्हा एक माप आले, पाय किंचित पुढे टाकून मोजले तेव्हा दुसरे, आणि टेप जरा ओढून धरला तेव्हा तिसरे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापात चांगला अडीच सेंटिमीटरचा फरक होता. मांडी तीच, खोली तीच, मधे पाच मिनिटेही गेलेली नाहीत, आणि तरी खरे माप कोणते ते मला सांगता येईना. अशा वेळी घरात कोणी जागे नसलेलेच बरे.

या खटाटोपाचे मूळ त्या संध्याकाळी होते. मी संगणकावर एक जुनी चित्रफीत पाहत होते. ७ फेब्रुवारी २०२२, बीजिंग हिवाळी ऑलिंपिक, झांगजियाकोऊची स्की जंपिंगची टेकडी, मिश्र सांघिक स्पर्धेची रात्र. जपानची सारा ताकानाशी बर्फावर उतरते, घसरत जाऊन थांबते आणि थांबल्यावर चेहरा झाकून खाली बसते. मुळात ती जेमतेम पाच फूट उंचीची. बसल्यावर एवढीशी होते की पायांतल्या स्कीच तिच्यापेक्षा मोठ्या वाटू लागतात. माझी भाची मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळले नाही. “मावशी, ही पडली का?” तिने विचारले. मी म्हटले, नाही, नीट उतरली. “मग रडते कशाला?” मग मी तिला सांगितले की पहिल्या उडीच्या वेळी तिचा पोशाख मांडीपाशी दोन सेंटिमीटर जास्त सैल निघाला, त्यामुळे ती उडी रद्द झाली आणि तिच्या संघाचे नुकसान झाले. भाचीने थोडा विचार केला. मग मी हेही सांगितले की ही मुलगी साधीसुधी नाही, विश्वचषकाच्या ६३ स्पर्धा तिने जिंकल्या आहेत आणि या खेळात पुरुषांतही इतक्या कोणी जिंकलेल्या नाहीत. “मग जिंकल्यावर ती काय करते?”

याचे उत्तर मला माहीत नव्हते.

ही चित्रफीत मी तोवर दहा-बारा वेळा तरी पाहिली असेल. तिच्या ६३ विजयांपैकी एकही पाहिला नव्हता. त्यांचा आकडा मला तोंडपाठ होता, पण तो आकडाही मी त्या रडण्याला वजन यावे म्हणून लक्षात ठेवला होता, असे आता वाटते. हरलेल्या माणसाकडे माझा ओढा आहे आणि त्याला मी आजवर सहृदयता समजत आले. भाचीच्या प्रश्नाने त्या समजुतीला पहिल्यांदा टाचणी लागली. एखाद्या बाईच्या वीस वर्षांच्या कामातून आपण नेमके तिचे कोसळण्याचे अर्धे मिनिट उचलायचे, ते पुन्हा पुन्हा पाहायचे आणि वर हळहळायचे, यात तिच्याविषयी प्रेम किती आणि आपली करमणूक किती, याचा हिशोब करायचा तर तो माझ्या बाजूने लागणार नाही, एवढे मला कळत होते.

बर्फावर मी आयुष्यात कधी उभी राहिलेली नाही. स्की जंपिंगशी माझा संबंध फक्त भीतीपुरता आहे. लहानपणी पोहायला शिकत असताना मी एकदा सर्वांत वरच्या फळीवर चढले होते. वर गेल्यावर पायांखालची ओली, खरखरीत फळी, दूरवर निळी चौकोनी वही ठेवल्यासारखे दिसणारे पाणी आणि मागच्या मुलांची कुजबुज एवढेच आठवते. मी उडी मारली नाही. शिडीवरून उलटी खाली आले आणि त्यासाठी चढणाऱ्या पाच-सहा मुलांना माझ्यापायी मागे उतरावे लागले. त्यांतल्या एकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मला अजून ओळखू येईल. मराठीत उडी मारतात, उडी टाकतात आणि उडी घेतातही. मला त्या दिवशी यांतले एकही क्रियापद लागू पडले नाही. म्हणूनच असेल, पण दूरचित्रवाणीवर हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे लक्ष उडीकडे गेलेच नाही, ते त्या आडव्या दांडीकडे गेले. टेकडीच्या माथ्यावर, मार्गावर आडवी टाकलेली एक दांडी असते. खेळाडू तिच्यावर बाजूने सरकत येऊन मधोमध बसते, स्की बर्फात कोरलेल्या दोन खाचांत ठेवते आणि वाट पाहते. खालच्या मचाणावर प्रशिक्षक झेंडा धरून उभा असतो. दिवा हिरवा झाला, झेंडा खाली आला की दांडी सोडायची. वारा बिघडला तर पंच तिला उठवतात, ती पुन्हा बाजूला सरकते, पुन्हा थांबते, पुन्हा येऊन बसते. दांडी सोडेपर्यंत परतीची वाट असते, सोडल्यावर नसते. दांडीवर बसलेल्या खेळाडूच्या हातमोज्यांतल्या बोटांकडे मी अजूनही आधी पाहते.

पुढचे सारे थोड्याच सेकंदांचे आणि विलक्षण नेटके असते. खाली वाकून, छाती मांड्यांवर टेकवून, हात मागे घेऊन ती त्या खाचांमधून येते तेव्हा वेग ताशी ८५-९० किलोमीटर असतो. मार्ग जिथे संपतो तो कडा वर उचललेला असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो दहा-अकरा अंशांनी खालीच झुकलेला असतो, म्हणजे टेकडी खेळाडूला वर फेकत नाही, जे काही करायचे ते तिच्या पायांनी सेकंदाच्या तिसऱ्या भागात करायचे असते. क्षणभर लवकर उसळी घेतली तर जोर वाया जातो, क्षणभर उशीर झाला तर कडा संपलेला असतो. मग ती पुढे झुकते, इतकी की चेहरा स्कीच्या टोकांच्या दिशेने जातो, स्की इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकतात आणि शरीर, कपडा आणि स्की मिळून एक पंख तयार होतो. शंभर मीटरच्या उडीला हवेत सुमारे चार सेकंद मिळतात. त्या वेळात ती जमिनीपासून फार उंचही नसते, कारण टेकडीचा उतार तिच्या वाटेला समांतर वळवलेला असतो. अंगावर येणारा समोरचा वारा तिला उचलून धरतो, पाठीमागून आलेला वारा खाली दाबतो. आपल्या रोजच्या बोलण्यात पाठचा वारा म्हणजे मदत. इथे तो घात करतो, हे ध्यानात ठेवायला मला बराच वेळ लागला.

सारा ताकानाशी होक्काइडोमधल्या कामिकावा नावाच्या छोट्या गावात ८ ऑक्टोबर १९९६ रोजी जन्मली. वडील स्की जंपर होते, भाऊही उड्या मारी. त्या गावाने तिच्याआधी आणखी एक जंपर जगाला दिला होता, त्याचे नाव मासाहिको हारादा. हारादाविषयी थोडे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९९४च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत जपानची शेवटची उडी त्याची होती. सुवर्णासाठी १०५ मीटरच्या आसपासची साधी उडी पुरेशी होती आणि पहिल्या फेरीत त्याने १२२ मीटर मारलेली होती. तो ९७.५ मीटरवर उतरला आणि डोके धरून तिथेच खाली बसला. सुवर्ण जर्मनीला गेले. चार वर्षांनी नागानोत, आपल्याच देशात, दाट बर्फवृष्टीत त्याची पहिली उडी ७९.५ मीटरवर आटोपली, तेव्हा बघणाऱ्यांनी पुन्हा तेच होणार म्हणून डोळे मिटले असतील. दुसऱ्या उडीत तो १३७ मीटर गेला आणि जपानला सुवर्ण मिळाले. त्या दिवशी पहिल्या फेरीनंतर जपान चौथा होता आणि बर्फामुळे स्पर्धा तिथेच थांबण्याची वेळ आली होती. टेकडी सुरक्षित आहे हे पंचांना पटावे म्हणून २५ चाचणी जंपर एकामागून एक त्या बर्फात उड्या मारत राहिले, तेव्हा कुठे दुसरी फेरी झाली. त्या पंचविसांत एक शाळकरी मुलगी होती. तिच्या उडीवर पुरुषांचे सुवर्ण उभे राहू शकत होते, पण तिला स्वतःला ऑलिंपिकमध्ये उतरायला स्पर्धाच नव्हती.

त्या दिवशी सारा दीड वर्षाचीही नव्हती.

पुरुषांचे स्की जंपिंग १९२४च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे. स्त्रिया त्याच्याही कितीतरी आधीपासून उड्या मारत होत्या. नॉर्वेतल्या ट्रिसिलला १८६२ मध्ये इंग्रिड वेस्त्बी नावाच्या मुलीने उडी मारल्याची नोंद आहे. ऑस्ट्रियाच्या पाउला लाम्बेर्ग या उमराव घराण्यातल्या बाईने १९११ मध्ये लांब घागरा घालून २२ मीटरची उडी मारली. मला त्या घागऱ्याचे राहून राहून कुतूहल वाटते. दोन सेंटिमीटरचा हिशोब करणाऱ्या आजच्या निरीक्षकांनी तो पाहिला असता तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. आणि तरीही २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जान फ्रांको कास्पर म्हणाले होते की हा खेळ म्हणजे वर्षाला हजारदा दोन मीटरवरून जमिनीवर उडी मारण्यासारखा आहे आणि वैद्यकीय दृष्ट्या तो स्त्रियांना योग्य वाटत नाही. वयात येणाऱ्या मुलीला “उड्या कसल्या मारतेस?” म्हणून दटावणारी वडीलधारी माणसे मीही पाहिली आहेत. त्यांच्या हातात निदान महासंघ नव्हता.

२०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी व्हिस्लरला जी लहान टेकडी बांधली, तिच्यावरचा सर्वांत लांब उडीचा विक्रम खेळ सुरू होईपर्यंत अमेरिकेच्या लिंडसे व्हॅनच्या नावावर होता, १०५.५ मीटरचा, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही धरून. (हे नाव शोधायला गेले की यंत्र आपल्याला हटकून त्याच देशाच्या त्या दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध, उतारावरच्या स्कीपटूकडे पाठवते. हाही एक अपमानच.) २००९ मध्ये ती पहिली महिला विश्वविजेती झाली होती. ती आणि इतर मिळून १५ जणींनी व्हँकुव्हरच्या संयोजन समितीवर खटला भरला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: भेदभाव झाला आहे हे खरे, पण तो करणारी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती आमच्या अधिकारात येत नाही. तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि तुम्ही घरी जा, असे एकाच कागदावर लिहून मिळणे कसे असेल, याची कल्पना मी करून पाहिली. हरल्याचे दुःख माणूस पचवतो, पण बरोबर ठरूनही काही हाती न लागण्याचे काय करायचे, हे कोणी शिकवत नाही. व्हॅन २०१४ मध्ये सोचीला पोहोचली तेव्हा तिची ऐन उमेद ओसरली होती. ती पंधरावी आली.

एप्रिल २०११ मध्ये ऑलिंपिकचे दार उघडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिलेहामरला महिलांचा पहिला विश्वचषक सुरू झाला, आणि पुढच्या मार्चमध्ये जपानमधल्या झाओच्या टेकडीवर १५ वर्षांच्या साराने तिचा पहिला विजय मिळवला. त्यानंतरच्या हंगामात वयाच्या सोळाव्या वर्षी तिने एकूण विजेतेपदही घेतले, आणि असे आणखी तीनदा. ती दांडीवर येऊन बसली की बाकीच्या दुसऱ्या क्रमांकासाठी उडतात, असे म्हणण्याजोगे दिवस होते ते. वजनाला हलकी, कड्यावरून सुटताना अत्यंत अचूक, आणि स्की पायांखाली क्षणात स्थिर. तिचे एक मात्र दुखणे होते. या खेळात अंतराबरोबर पाच पंच शैलीचेही गुण देतात आणि उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले अशी टेलिमार्क नावाची ठेवण दिसावी लागते. सारा इतकी लांब जाई की जिथे उतार सपाट होऊ लागतो तिथे तिचे पाय टेकत. तिथे जमीन जास्त जोराने वर येते आणि तेवढ्या लहान देहाला पाय पुढे-मागे करायला उसंत राहत नाही. मग ती दोन्ही पायांवर धपकन उतरे आणि पंच गुण कापत. टेलिमार्कसाठी तिने वर्षे घातली. आपल्या सर्वांत मोठ्या गुणाच्या टोकालाच आपला दोष सुरू व्हावा, ही गोष्ट मला तिच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त जवळची वाटते.

सोचीला, ११ फेब्रुवारी २०१४ रोजी, महिलांचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण तिचेच आहे असे सगळे धरून चालले होते. ती १७ वर्षांची होती. दोन्ही उड्यांना तिला पाठचा वारा मिळाला, पहिल्या फेरीनंतर ती तिसरी होती आणि शेवटी चौथी आली. वाऱ्याची भरपाई म्हणून काही गुण मिळतात, पण हरवलेली हवा गुणांनी पूर्ण भरून निघत नाही, असे या खेळातली माणसे सांगतात. सुवर्ण जर्मनीच्या कॅरिना फोग्टला मिळाले. तिने तोवर विश्वचषकाची एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. म्हणजे एकीकडे जवळजवळ रोज जिंकणारी आणि त्या दिवशी न जिंकलेली, दुसरीकडे कधीच न जिंकलेली आणि नेमकी त्याच दिवशी जिंकलेली. यात अन्याय शोधू नये हे मला कळते. फोग्टने दोन चांगल्या उड्या मारल्या, बस्स. तरी साराच्या चौथ्या क्रमांकाचे मला वाईट वाटते आणि फोग्टचे नाव मी ऐनवेळी विसरते, हा माझा जुनाच रोग.

नंतरची वर्षे सरळ नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने ५३ वा विजय मिळवून ऑस्ट्रियाच्या ग्रेगोर श्लीरेनझाउअरच्या, म्हणजे पुरुषांच्या, विक्रमाशी बरोबरी केली, आणि मग ५४ वा विजय वर्षभराहून जास्त काळ आलाच नाही. मधल्या काळात प्याँगचांग ऑलिंपिकला तिने कांस्यपदक घेतले. नॉर्वेची मारेन लुंडबी आणि जर्मनीची काथारिना आल्टहाउस पुढे होत्या. ती मेकअप करू लागली तेव्हा तिच्या देशात काही जणांनी तिच्या घटलेल्या विजयांचा संबंध थेट तिच्या पापण्यांशी लावला. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, फक्त कंटाळा आला. मार्च २०१८ मध्ये ओबेर्स्टडॉर्फला ५४ वा विजय आला आणि दुसऱ्याच दिवशी ५५ वा. एक तृतीयांश सेकंदात नेमके काय बिघडले होते आणि ते पुन्हा कसे जमले, हे तिलाही शब्दांत सांगता येईल की नाही कोण जाणे. लिहिणाऱ्याला असे कोरडे महिने येतात तेव्हा निदान कोणी त्याचे अंतर मोजून फलकावर लावत नाही.

आणि मग बीजिंग. ५ फेब्रुवारीला वैयक्तिक स्पर्धेत ती पुन्हा चौथी आली. दोन दिवसांनी मिश्र सांघिक स्पर्धेत तिची पहिली उडी १०३ मीटरची, देखणी होती. खाली आल्यावर पोशाखाची तपासणी झाली आणि ती उडी रद्द ठरली. त्या रात्री ती एकटी नव्हती: ऑस्ट्रियाची डानिएला इराश्को-श्टोल्झ, जर्मनीची आल्टहाउस, नॉर्वेच्या सिल्ये ओप्सेथ आणि आना ओडिने स्ट्रम या सगळ्या पोशाखापायी अपात्र ठरल्या. पाचही जणी स्त्रिया. एकाही पुरुषाचे माप चुकले नाही. इराश्को-श्टोल्झ ही २००३ मध्ये कुल्मच्या टेकडीवर २०० मीटर ओलांडणारी पहिली स्त्री. तिलाही त्या रात्री टेपने घरी पाठवले. जर्मनीचा संघ तर अंतिम फेरीतही पोहोचला नाही.

इथे मला रागावायचे होते आणि मी पुरेशी रागावलेही, पण पोशाखाविषयी जसजसे वाचत गेले तसतसा राग विरळ होत गेला. सैल कपड्यात हवा भरते, हवा भरली की पंख मोठा होतो, पंख मोठा झाला की मीटर वाढतात. ही फसवणूक इतकी सोपी आणि इतकी मोहात पाडणारी आहे की माप घेतल्याशिवाय हा खेळ चालणारच नाही. २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या विश्व अजिंक्यपदात नॉर्वेच्या पुरुष संघाचे पोशाख शिवणीत फेरफार केलेले निघाले आणि रौप्य मिळवलेला मारियस लिंडविक अपात्र ठरला, तेव्हा मोजणाऱ्यांची बाजू मला मान्यच करावी लागली. माझी तक्रार उरते ती मोजण्याच्या रीतीविषयी. शरीर हा लाकडाचा ओंडका नव्हे. थंडीत, भुकेने, ताणाने ते आक्रसते, श्वासागणिक बदलते. टेप किती ओढायचा, पाय किती फाकवून उभे राहायचे, हे ज्या रात्री बदलते त्या रात्री माणसाचे नशीबही बदलते. नियम रास्त असणे आणि ती रात्र रास्त असणे या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकत्र बसलेल्या नाहीत. हारादाला २००६ मध्ये ट्युरिन ऑलिंपिकला २०० ग्रॅम वजन कमी भरले म्हणून, त्या वजनाला त्याच्या स्की जास्त लांब ठरल्या म्हणून, अपात्र केले होते. बीजिंगला तोच हारादा जपानी पथकाचा सरव्यवस्थापक म्हणून हजर होता. एका छोट्या गावातली दोन माणसे, एकाचे २०० ग्रॅम कमी, दुसरीचे दोन सेंटिमीटर जास्त. कथेत असे कोणी लिहिले असते तर मी त्याला जुळवाजुळव म्हटले असते.

दुसऱ्या दिवशी साराने इन्स्टाग्रामवर एक कोरी काळी चौकट टाकली आणि तिच्याखाली माफी मागितली. आपल्यामुळे संघातल्या सगळ्यांचे आयुष्य बदलले, अशा अर्थाचे ती लिहून गेली. मला ती माफी वाचवली नाही. पण वाचवली नाही म्हणत मी ती पुरती वाचली, हेही खरे.

टेप डब्यात ठेवून मी निजायला गेले नाही. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून मी साराचे विजय शोधायला बसले, आणि शोधता शोधता त्याच बीजिंगच्या रात्रीचे पूर्ण प्रक्षेपण हाती लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी आजवर पाहत आलेली चित्रफीत सुरूच मुळी उतरण्यापासून होते. ज्या उडीनंतर ती खाली बसते, ती उडी मी पाहिलेली नव्हती. कापणाऱ्याने ती कापून टाकली होती, कारण रडण्यासाठी तिची गरज नव्हती. तिची पहिली उडी रद्द झाल्यावरही जपानच्या बाकी तिघांनी संघाला आठव्या, म्हणजे शेवटच्या, जागेवर अंतिम फेरीत नेले होते. याचा अर्थ तिला पुन्हा त्या टेकडीवर चढून जायचे होते. वर जायला उद्वाहन असते, पायऱ्या असतात, आणि वेळही बराच जातो. त्या वेळात ती कशी राहिली असेल हे कोणत्याही कॅमेऱ्यात नाही. सकाळी मी ते सगळे पुन्हा पहिल्यापासून लावले.

रात्रीची टेकडी, प्रकाशझोतांमुळे बर्फ निळसर पांढरा झालेला. ती दांडीवर बाजूने सरकत येते. गॉगलमुळे चेहरा दिसत नाही. बोटे दांडीवर आहेत. या दांडीवरून बाजूला सरकून परत जाता येते, हे मला माहीत होते आणि तिला तर नक्कीच माहीत होते. दिवा हिरवा होतो, झेंडा खाली येतो आणि बोटे सुटतात. छाती मांड्यांवर, हात मागे, खाचांमधून स्कींचा घरघरता आवाज, कडा, आणि मग तो आवाज एकदम बंद होतो. ती उडी ९८.५ मीटरची होती. जपान चौथ्या क्रमांकापर्यंत वर आला आणि कांस्यपदक नऊपेक्षाही कमी गुणांनी हुकले, ते कॅनडाला मिळाले. पण हे सगळे नंतरचे आहे. पडद्यावर ती अजून पुढे झुकलेली होती, स्की फाकलेल्या, हातमोज्यांचे तळवे वाऱ्यावर किंचित वळलेले, आणि त्या पोशाखात, त्या मांड्यांत, कशातही रद्द झालेले असे काही दिसत नव्हते.

मी भाचीला हाक मारली. ती दात घासता घासता, तोंडात ब्रश धरूनच आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली.

“हीच का ती कालची? आत्ता जिंकली का?”

“थांब,” मी म्हटले, “अजून हवेत आहे.”